सोळाव्या वर्षीचं दुखणं, चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलेलं

२००३ साली मी ४४ वर्षांचा होतो. बँकेनं बदली एका तहसीलच्या गावी केली होती, घर मात्र इंदूरलाच होतं. दर शनिवारी दुपारी बस पकडायची आणि सोमवारी पहाटे परत निघायचं, असं चाललं होतं. तीन महिन्यांत माझी झोप गेली. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. जेवण बेचव लागे. तिजोरी बंद करून बाहेर आल्यावर पुन्हा जाऊन बघून यावंसं वाटे, एकदा नव्हे तर तीन-तीनदा. फिजिशियननं सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, म्हणून त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. मी आठवडाभर ती चिठ्ठी खिशात घेऊन फिरलो. शेवटी हिनंच वेळ ठरवली.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "असं पहिल्यांदा कधी झालं होतं?"

मी म्हटलं, "पहिल्यांदाच होतंय."

शेजारी बसलेली ही म्हणाली, "अकरावीत असताना झालं होतं ना? आई सांगायच्या मला."

माझ्याच आयुष्यातली ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक होती, माझ्या आईला ठाऊक होती, आणि मी मात्र तिला वेगळ्याच नावानं ओळखत होतो. माझ्या लेखी ते 'आळशीपणाचं वर्ष' होतं.

मंडळाच्या संकेतस्थळासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह बरेच दिवस चालला होता. बँकिंगवर लिहा, असं सुचवलं गेलं होतं. पण निवृत्तीनंतर ज्या विषयावर मी सर्वांत जास्त वाचलं तो हा आहे : कुमारवयातलं नैराश्य आणि त्याचे पुढच्या आयुष्यावरचे परिणाम. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, डॉक्टरांना विचारून समजून घेतलं आणि स्वतः पाहिलं, तेवढंच इथे मांडतो.

आधी ते वर्ष सांगतो. तेव्हा मध्य प्रदेशात अकरावीला बोर्ड असे. १९७५ च्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीच्या नाटकात मी नव्हतो. तोवर दरवर्षी असायचो. दिवाळीपर्यंत मित्रांकडे जाणं बंद झालं. पुस्तक उघडून बसायचो आणि तासाभरानं पान तेच. कोणी काही विचारलं की अंगावर धावून जायचो. वडील मिलमध्ये कारकून होते, शिफ्टवरून येऊन मला झोपलेला बघत आणि काही न बोलता जेवायला बसत. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, खजराण्याच्या गणपतीला नवस बोलली, शेजारच्या डॉक्टरांकडून रक्त वाढायचं टॉनिक आणलं. गणितात सप्लिमेंट्री आली. इंजिनिअरिंगचं नाव निघेनासं झालं. पुढच्या उन्हाळ्यात ते मळभ जसं आलं तसं हळूहळू गेलं, मी बी.कॉम.ला नाव घातलं आणि घरात त्या वर्षाबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

आज वाचताना कळतं की त्यातलं जवळजवळ सगळं पाठ्यपुस्तकाबरहुकूम होतं. नैराश्य म्हणजे रडवेला चेहरा, अशी आपली समजूत असते. मोठ्या माणसांत तसं असतंही, पण कुमारवयात उदासीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत मुलांसाठी ही सूट स्पष्ट लिहिलेली आहे. याशिवाय आवडत्या गोष्टींतून मन उठणं, झोप फार कमी किंवा फार जास्त होणं, भूक बदलणं, लक्ष न लागणं, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, जगण्यात अर्थ नाही असे विचार. यांतली बरीच लक्षणं जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे टिकली आणि त्यानं अभ्यास, मैत्री, घर यांत अडथळा येऊ लागला, तर तो स्वभाव किंवा 'वय' नव्हे, आजार समजायचा. पुष्कळ मुलं मनाचं काहीच सांगत नाहीत. डोकं दुखतं, पोट दुखतं एवढंच सांगतात. वयात आल्यानंतर मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट असतं. मुलगे मात्र चिडचिडीमागे आणि पुढे तंबाखू-गुटख्यामागे ते लपवतात.

आपल्या देशात हे किती आहे? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी तीन. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, आणि बहुतेकांची कोणी दखल घेतलेली नसते. डॉक्टरांनी मला 'पहिल्यांदा कधी' असं का विचारलं, ते यावरून लक्षात येईल.

आता मुख्य प्रश्न. सोळाव्या वर्षी असं झालं म्हणजे पुढचं आयुष्य बिघडलं का? इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती ऐकू येते. एक बाजू म्हणते, 'होतं असं या वयात, आपोआप जातं.' दुसरी बाजू ऐकली तर वाटावं की मुलाच्या कपाळावर कायमचा शिक्का बसला. शास्त्रज्ञांनी हजारो मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून जे पाहिलं आहे, ते या दोन्हींपेक्षा वेगळं आहे.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळांमधल्या १९४३ विद्यार्थ्यांचा १९९२ पासून चौदा वर्षं पाठपुरावा झाला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. कुमारवयात नैराश्य किंवा चिंतेचा त्रास झालेल्यांपैकी जवळपास ६० टक्क्यांना तरुणपणी तो पुन्हा झाला. हा आकडा घाबरवणारा आहे खरा. पण त्याच अभ्यासात पुढे असं आहे की ज्यांना एकदाच आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काळ त्रास झाला, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना तरुणपणी काहीही झालं नाही. जितकं दुखणं लांबलं, जितक्या वेळा उलटलं, तितकी पुढची शक्यता वाढत गेली. माझ्या मते पालकांनी लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. दुखणं आलं की नाही याइतकंच ते किती काळ राहू दिलं, याला महत्त्व आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कर्जखात्यांसाठी एक पद्धत आली होती. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीच, ३० दिवस, ६० दिवस अशा पायऱ्यांवर, त्या खात्याची वेगळी नोंद ठेवून कर्जदाराशी बोलायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम झाला. साठाव्या दिवशी बोललेला कर्जदार बहुधा सावरतो. वर्षभरानं नोटीस गेली की मग वकील आणि लिलाव. मुलांच्या बाबतीत आपण बहुतेक जण थेट निकालाच्या दिवशी जागे होतो.

दुसरा अभ्यास न्यूझीलंडमधला आहे. ख्राइस्टचर्च शहरात १९७७ साली जन्मलेल्या १२६५ बाळांचा पाठपुरावा तिथले संशोधक करत आले आहेत. त्यांतल्या सुमारे १३ टक्के मुलांना १४ ते १६ या वयात नैराश्य आलं होतं. एकविसाव्या वर्षापर्यंत पाहिलं तेव्हा या मुलांमध्ये पुन्हा नैराश्य, चिंता, व्यसनं, शिक्षण अर्धवट राहणं, बेकारी हे सगळंच जास्त आढळलं. वर्तमानपत्रात एवढीच बातमी येते. पण संशोधकांनी पुढे घरची परिस्थिती, कौटुंबिक कलह, आधीपासूनच्या अडचणी यांचा हिशेब वजा करून पाहिला. तेव्हा शिक्षण आणि नोकरीतला फरक बहुतेक त्या परिस्थितीमुळे होता असं दिसलं. पुन्हा नैराश्य आणि चिंता येण्याची शक्यता मात्र हिशेबानंतरही शिल्लक राहिली. म्हणजे मूल नापास झालं त्याचा सगळा दोष आजाराच्या खात्यावर टाकता येत नाही, काही भाग घराच्या खात्यावरही येतो. आणि घर तर आपल्या हातात असतं.

शरीरावरही याची सावली पडते. २०१५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं एका निवेदनात कुमारवयातलं तीव्र नैराश्य हे कमी वयात हृदयविकार होण्याचं एक जोखमीचं कारण म्हणून नोंदवलं. मधुमेह, ब्लडप्रेशर यांची चौकशी आपण मोकळेपणानं करतो. ही चौकशीसुद्धा त्याच यादीतली आहे.

आकड्यांत न मावणारा एक परिणाम आहे. चौदा ते वीस या वयात माणूस स्वतःबद्दल मत बनवत असतो. आपल्याला काय जमतं, आपण कोणाला आवडतो, संकटात आपण टिकतो की पळतो. नेमक्या त्या काळात आजारानं कानात सांगितलं की 'तू कुचकामी आहेस', तर आजार जातो आणि मत राहतं. शिवाय आपल्याकडे याच पाच-सहा वर्षांत सगळे दरवाजे एकामागून एक येतात : दहावी, शाखानिवड, बारावी, प्रवेशपरीक्षा. एक वर्ष वाया गेलं तर ते भरून काढता येतं, पण त्या वर्षात मनानं घेतलेले निर्णय माणूस पुढे तपासून बघत नाही.

माझं उदाहरण सांगतो. इंजिनिअर झालो नाही याचं दुःख मला नाही. बँकेनं मला खूप दिलं. पण स्केल वनमधून स्केल टूच्या प्रमोशनसाठी मी दोनदा फॉर्मच भरला नाही. सगळ्यांना सांगितलं की मुलांच्या शिक्षणासाठी इंदूर सोडायचं नाही. लोकांना पटलं, मलाही पटलं. खरं कारण असं होतं की मला खात्री होती, जबाबदारी वाढली की 'तो' अकरावीतला मुलगा पुन्हा वर येईल आणि पांघरूण घेऊन झोपेल. मी स्वतःला आळशी समजत होतो आणि तो आळस जगापासून लपवण्यासाठी पंचवीस वर्षं जरुरीपेक्षा जास्त काम करत होतो. डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की ते वर्ष बहुधा आजाराचं होतं, तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. हलकं वाटलं. आणि आईचा फार राग आला. ती तेव्हा हयात नव्हती.

राग टिकला नाही. तिला शब्दच माहीत नव्हता. आमच्या लहानपणी बाणगंगा म्हटलं की मानसिक रुग्णालय आणि मानसिक रुग्णालय म्हटलं की वेड, मधलं काही नाही. मुलाचं नाव तिथल्या नोंदवहीत गेलं तर पुढे त्याचं लग्न कसं होणार, या भीतीपोटी पुष्कळ आया गप्प बसल्या. आज ते रुग्णालय एमजीएम मेडिकल कॉलेजशी संलग्न आहे, मानसोपचाराचे विद्यार्थी तिथे शिकतात. पण स्थळं बघताना 'घरात कोणाला काही नाही ना?' असं दबक्या आवाजात आजही विचारलं जातं, आणि विचारणाऱ्यांत आपणही असतो.

उपचारांबद्दल थोडं. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. औषध आणि समुपदेशन दोन्ही एकत्र दिलेल्या गटात बारा आठवड्यांत ७१ टक्के मुलांना चांगला गुण आला. नुसत्या औषधानं सुमारे ६१ टक्के, नुसत्या समुपदेशनानं ४३ टक्के, आणि खोट्या गोळीनंही ३५ टक्के. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा उपचार घेतलेले तिन्ही गट ८० टक्क्यांच्या पुढे जवळजवळ बरोबरीला आले होते. यातल्या १९६ मुलांचा पुढे पाच वर्षं मागोवा घेतला गेला. त्यांच्यातली ९६ टक्के पूर्ण बरी झाली, पण बऱ्या झालेल्यांपैकी ४७ टक्क्यांना पुन्हा एकदा त्रास झाला. दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. मूल बरं होतं, आणि बरं झाल्यावर फाइल बंद करून माळ्यावर टाकायची नसते.

औषधाला घाबरणारे पालक भेटतात. सवय लागेल, मेंदू मंद होईल, अशी भीती असते. नैराश्यावरच्या औषधांची नशेच्या पदार्थांसारखी चटक लागत नाही. पण ती मनानं सुरू करायची नाहीत आणि मनानं एकदम बंदही करायची नाहीत. कोवळ्या वयात पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांच्या मनात आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात डॉक्टरांशी वारंवार संपर्क हवा आणि घरच्यांचं लक्ष हवं. मुलाला 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं बहुधा त्याला सुटल्यासारखं वाटतं. असे विचार आहेत असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि मुलाला एकटं ठेवायचं नाही.

ज्यांना डॉक्टरकडे जाण्याआधी कोणाशी तरी बोलायचं आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, ऑक्टोबर २०२२ पासून. हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येतं. आपल्या घरातली जुनी माणसं मनातलं मराठीतच बोलतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पैशाचंही सांगायला हवं, जुनी सवय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (लागू २९ मे २०१८) सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमासंरक्षण मिळालं पाहिजे. विमा नियामकानं ऑक्टोबर २०२२ मध्ये सगळ्या कंपन्यांना त्याच महिनाअखेरची मुदत दिली. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, समुपदेशनाची फी नाही. आणि प्रपोजल फॉर्ममध्ये जुना उपचार लपवू नका. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी नेमकी बाहेर येते.

आपल्या शहरात भंवरकुआच्या आजूबाजूला खोल्या घेऊन राहणारी कोचिंगची मुलं रोज दिसतात, आणि आपल्यातली कितीतरी मुलं कोटाला जातात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं त्यांत आहे. नियम नियमाच्या जागी. बाहेर ठेवलेल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आपण 'जेवलास का, टेस्ट कशी गेली' एवढंच विचारतो आणि तो 'हो, ठीक' एवढंच सांगतो. महिन्यातून एकदा टेस्टचं नाव न काढता दोन दिवस जाऊन राहावं. मूल रात्री झोपतं का, मित्र खोलीवर येतात का, हे फोनवर दिसत नाही.

'कासव' हा २०१६ चा मराठी चित्रपट घरच्यांनी एकत्र बसून बघावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, आणि त्याच्या निर्मात्यांपैकी एक डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यातला मुलगा खचलेला आहे, आणि त्याच्याभोवतीची माणसं त्याला उपदेश करत नाहीत, एवढं मुद्दाम बघा.

एक विनंती मात्र माझ्या पदरची आहे. मुलाला असा त्रास होऊन गेला असेल, तर तो अठरा-वीस वर्षांचा झाल्यावर त्याला ते नीट सांगा. कधी झालं, किती दिवस राहिलं, कशानं उतरलं, कुठलं औषध लागू पडलं. डॉक्टरांचे कागद त्याच्या हातात द्या, जसे आपण लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखला देतो. तो इतिहास त्याचा आहे. पुढे नोकरी बदलताना, मुलीच्या बाबतीत बाळंतपणानंतर, कधी घरात मृत्यू झाल्यावर ते दुखणं पुन्हा डोकावलं तर त्याला वर्षभर स्वतःला आळशी म्हणत बसावं लागणार नाही.

२००३ चा माझा त्रास पाच महिन्यांत उतरला. औषध दीड वर्ष चाललं. पुढच्या वर्षी मी प्रमोशनचा फॉर्म भरला आणि उज्जैनला गेलो. डॉक्टरांनी तेव्हा आम्हा दोघांना बसवून एक कागद लिहून घेतला होता : त्रास सुरू होण्याआधी माझ्यात काय बदल दिसतात. मला एकही सुचला नाही. हिनं तीन सांगितले. त्यातला पहिला, 'पेपर उघडत नाहीत.' तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, सेलोटेप पिवळा पडला.

गेल्या पावसाळ्यात चार दिवस पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडून होते. पाचव्या दिवशी सकाळी ही चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, चष्मा दुरुस्तीला टाकलाय."

ती म्हणाली, "पावती दाखवा."